बडोद्याहून चार रात्रींची पक्ष्यांची रोड ट्रिप: वढवाणा, थोळ, नळ सरोवर, छोटं रण आणि वेळावदर

दर वर्षी दिवाळी झाली की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, की नवीन कॅमेरा घेतलाय किंवा मुलाला पक्ष्यांचं वेड लागलंय, तर गाडी काढून कुठे जाऊ. मग फोनवर तासभर बोलणं होतं आणि अर्ध्या गोष्टी सांगायच्या राहून जातात, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. आपण बडोद्याचे लोक या बाबतीत खरंच नशीबवान आहोत, चार-पाच तासांच्या आत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे (नळ सरोवर), मिठाचं रण आहे (कच्छचं छोटं रण), गवताळ माळ आहे (वेळावदर), आणि हिवाळ्यात या तिन्ही ठिकाणी सैबेरिया, मध्य आशियाकडून आलेले पक्षी असतात. महाराष्ट्रातले माझे मित्र एवढ्यासाठी ट्रेन करून येतात आणि आपल्यातले बरेच जण अजून वढवाण्यालासुद्धा गेलेले नाहीत.

माझं एकच सांगणं आहे आणि पूर्ण प्लॅन त्याच्यावरच बांधलाय: जागा कमी करा आणि प्रत्येक जागेला वेळ द्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन दिवसांत सहा ठिकाणं कोंबली होती, सगळीकडे भर दुपारी पोचलो, पक्षी लांब, उजेड पांढराफटक, आणि घरी येऊन बघतो तर हजारांवर फोटो आणि त्यातला एकही ठेवावा असा नाही. फोटोचा उजेड असतो सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा दीड तास, बाकीचा दिवस गाडी चालवायला, जेवायला, झोपायला. हे एकदा डोक्यात बसलं की ट्रिप आपोआप आखली जाते.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, त्यातही डिसेंबर सगळ्यात छान. १६ जून ते १५ ऑक्टोबर रण आणि वेळावदर बंदच असतं. दिवाळीनंतर लगेच गेलात तर रणात अजून ओल असते आणि गाड्या आतपर्यंत जात नाहीत. उत्तरायणाचे, म्हणजे पतंगांचे दिवस, १३ ते १५ जानेवारी, टाळा, सगळीकडे गर्दी असते आणि खरं सांगायचं तर दोऱ्याने कापलेले पक्षी रस्त्यात बघून जीव तुटतो. त्या दिवसांत कुठेही जखमी पक्षी दिसला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि १९६२ ला फोन लावा, करुणा ॲम्ब्युलन्सचा नंबर आहे, फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा. शक्य असेल तर शनिवार-रविवारची सकाळ नळ सरोवरला येऊ देऊ नका, म्हणून मी गुरुवारी दुपारी निघतो.

आधी वढवाण्याला दोन रविवार

ही पायरी कोणी पाळत नाही आणि म्हणून सांगतोय. मोठ्या ट्रिपच्या आधी दोन रविवार पहाटे उठून डभोईमार्गे वढवाण्याला जाऊन या, घरून निघून तासाभरात पोचता. हा तलाव बडोदा संस्थानाने १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधला, सयाजीराव महाराजांच्या काळात, आणि २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आपल्या महाराजांचा तलाव आहे. एमएस युनिव्हर्सिटीच्या झूलॉजीच्या मुलांनी इथे वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. मला याचा फार अभिमान वाटतो आणि तो लपवायचं काही कारण नाही.

तिथे करायचं काय, तर हात बसवायचा. वारकरी म्हणजे कूट, काळा पक्षी, चोच आणि कपाळ पांढरं, शेकड्यांनी असतात आणि फार लाजत नाहीत, त्यांच्यावर एक्सपोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, शिका, काळ्या पिसांचा तपशील ठेवून पांढरं कपाळ जळू द्यायचं नाही, हे जमलं की पुढे सगळं सोपं जातं. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे उडतानाचे फोटो काढायला घ्या. पट्टकदंब हंस म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे, तेही इथे दिसतात. आणि दुर्बिणीतून बघायची सवय इथेच लावा, आधी नुसत्या डोळ्याने पक्षी पकडायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्याला लावायची. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

सामान

लेन्स १००-४०० किंवा १५०-६०० असेल तर उत्तम, नसेल तर भाड्याने मिळते, चार दिवसांसाठी लाखभर रुपये घालायची काही गरज नाही. घरात कोणाकडे ८ बाय ४२ ची दुर्बीण असली की अर्धी ट्रिप तिच्यावरच होते, प्रत्येकाला कॅमेरा हवाच असं नाही. ट्रायपॉड मी घरी ठेवतो. त्याऐवजी बीन बॅग, तीसुद्धा घरची: आमच्या आईने जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही बाजूंनी शिवला आणि एका टोकाला चेन लावली, आत दोन किलो तांदूळ, झाली बीन बॅग, गाडीची काच खाली करून दारावर ठेवायची आणि त्यावर लेन्स. गेली सहा वर्षं तीच चालतेय, फक्त तांदूळ दर वर्षी बदलायचे नाहीतर पोरकिडे होतात.

बाकी: जादा बॅटऱ्या (थंडीत लवकर उतरतात), दोन-तीन मेमरी कार्डं, एक्स्टेन्शन बोर्ड कारण लॉजच्या खोलीत एकच प्लग असतो आणि चार्जर पाच, पुसायला मऊ कापड आणि धूळ उडवायचा रबरी फुगा (ब्लोअर), कॅमेऱ्यावर टाकायला जुनी उशीची खोळ (रणात धुळीसाठी, याचं पुढे सांगतो), मातकट रंगाचे कपडे, कानटोपी. पांढरा आणि लाल रंग घरी ठेवा. सगळ्यांची ओरिजिनल आयडी, परमिटला लागते, आणि कॅमेऱ्याची फी वेगळी असते हे धरून चाला. गाडीत स्टेपनी बघून घ्या आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप ठेवा, कारण रण आणि वेळावदरच्या आजूबाजूला गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ पसरलीय, तिचे काटे टायरमध्ये सहज घुसतात. खायला लीलो चिवडो, दशम्या, उकडलेले शेंगदाणे, खाकरे. आवाज करणारी वेफर्सची पाकिटं गाडीतून काढूनच टाका, खरंच सांगतो, पाखरू दहा फुटांवर आलेलं असताना मागच्या सीटवरून चुरचुर आवाज आला की सगळं संपतं.

गुरुवार: थोळ

बाराच्या आधी निघा. एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा, अहमदाबादच्या गर्दीत न शिरता रिंग रोडने बाहेरून जा, साडेतीनपर्यंत थोळला पोचता. हाही गायकवाडी तलाव, १९१२ चा, आकाराने लहान, सात चौरस किलोमीटर, त्यामुळे पायी फिरून होतो. इथे घाई काहीच नाही, बांधावरून चालत जा, सूर्य पाठीशी राहील अशी जागा बघा आणि बसा. पेलिकन, फ्लेमिंगो, शेकाट्या आणि नशीब असेल तर सारस. पाण्याच्या पातळीला कॅमेरा नेला की फोटो एकदम बदलतो, उभं राहून वरून काढलेला फोटो आणि पोटावर झोपून काढलेला फोटो, एकच पक्षी असून दोन वेगळे वाटतात. सतरंजीचा तुकडा बरोबर ठेवा.

रात्री साणंदला राहा. हॉटेल साधं चालेल, पहाटे साडेचारला गेट उघडून देतील का एवढंच आधी विचारा.

शुक्रवार पहाट: नळ सरोवर

सरोवर १२० चौरस किलोमीटरचं आहे पण उथळ, बऱ्याच ठिकाणी कंबरभर पाणी, म्हणून तर पाणपक्ष्यांना एवढं सोयीचं. १९६९ पासून अभयारण्य आहे आणि २०१२ मध्ये गुजरातचं पहिलं रामसर स्थळ झालं. होड्या बांबूने ढकलतात, आणि होडी चालवणारे बरेचसे पढार समाजाचे, याच काठावर जन्मलेले, त्यांना पक्षी नावानिशी माहीत. पहिल्या होडीत बसायचं म्हणजे उजाडायच्या आत तिकिटाच्या खिडकीशी. अख्खी होडी करा, शेअरिंगमध्ये वीस जण आणि त्यांचे फोन, त्यात काही दिसत नाही.

होडीत बसायच्या आधी दोन गोष्टी ठरवून घ्या. एक, कुरवांना म्हणजे सीगलना गाठिया टाकायच्या नाहीत. सगळे टाकतात, फोटोही छान येतात, पण तळलेलं बेसन हे त्या पक्ष्याचं खाणं नाही, तो मासे खायला आलाय. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका वर्षी आमच्या होडीवाल्याने न विचारता फ्लेमिंगोंच्या थव्यावर होडी घातली, का तर साहेबांना उडतानाचा फोटो मिळावा. शे-दीडशे पक्षी एकदम उठले, बाकीच्या होड्यांतून टाळ्या पडल्या, आणि मला इतकं वाईट वाटलं की तेव्हापासून मी बसतानाच हात जोडून सांगतो, काका, लांबच थांबवा, पक्षी उडाला नाही तर तुम्हाला जास्त पैसे देईन. आणि खरंच देतो. त्यानंतर काय होतं माहितीये, होडी गवताच्या आडोशाला थांबते, पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही, मग थवाच चरत चरत आपल्याकडे सरकायला लागतो. फ्लेमिंगो चोच उलटी करून पाणी गाळत असतो, त्याचा एक बारीक सपसप आवाज येतो, शेकडो चोचींचा एकदम, वरून मधूनच हंसांसारखी कुरबुर. तो आवाज कॅमेऱ्यात येत नाही, त्यासाठी दोन मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवा.

लहान आणि मोठा फ्लेमिंगो ओळखायचा तर चोच बघा: मोठ्याची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, लहानाची गडद लालसर. गवताच्या कडेला जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी शोधा, पण हिवाळ्यात कमळपक्ष्याची ती लांब शेपूट नसते, त्यामुळे बरेच जण ओळखत नाहीत.

सेटिंग म्हणाल तर उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद, ऑटो आयएसओ लावून द्या (उजेड कमी पडला तर कॅमेरा आपला आपण सांभाळतो) आणि ग्रेनची, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यांची, भीती सोडा, हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने सुधारत नाही. उजळ आकाशासमोर पक्षी असेल तर एक्सपोजर प्लस एक, गडद पाण्यावर पांढरा पेलिकन असेल तर मायनस पाऊण. फोकस डोळ्यावर. एवढं पुरे.

दहा वाजता होडीतून उतरा, काठावर बाजरीचा रोटला आणि रिंगणाचा ओळो (वांग्याचं भरीत) मिळतो तो पोटभर खा, विरमगामला पेट्रोल भरा आणि दसाड्याच्या बाजूला निघा.

शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ: छोटं रण

दसाडा, झैनाबाद, बजाणा, यांतलं कुठलंही एक गाव मुक्कामाला धरा आणि दोन रात्री तिथेच राहा. स्वतःची गाडी रणात अजिबात घालू नका. वरून जमीन कोरडी, भेगाळलेली दिसते आणि खाली लोण्यासारखा चिखल असतो, चाक बसलं की बसलं, आणि चहूकडे सारखंच दिसतं म्हणून दिशा कळत नाही. परमिट आणि जीपवाला मुक्कामाच्या ठिकाणाहूनच मिळतो. फोनवर बुकिंग करतानाच सांगा की आम्हाला सगळं बघायचं नाही, पक्ष्यांसाठी यायचंय, पहाटे सहाला निघायचंय आणि जिथे थांबवू तिथे इंजिन बंद करायचं.

हे जंगली गाढवांचं, म्हणजे घुडखरांचं अभयारण्य, जवळजवळ ४९५४ चौरस किलोमीटर. २०२४ च्या गणतीत ७६७२ घुडखर मोजले गेले, म्हणजे ते दिसणारच, त्यामागे धावायची काही गरज नाही. जीपवाले पळवतात, कारण लोकांना धूळ उडवत पळणारा कळप हवा असतो. घुडखर ताशी ७० किलोमीटरपर्यंत पळू शकतो हे खरं, पण जीपला घाबरून पळताना त्याचे कान मागे पडलेले आणि डोळे ताणलेले असतात, फोटोत ते स्पष्ट दिसतं. त्यापेक्षा सकाळी सातला, अंगावर तो तांबूस-पांढरा रंग उजेडात चमकत असताना, नर एकमेकांना चावत-लाथा मारत असतात, तिथे शंभर फुटांवर थांबा.

पक्ष्यांसाठी दोन वेगळ्या फेऱ्या करा, एक ओल्या भागाची आणि एक कोरड्या भागाची. ओल्या भागात फ्लेमिंगो, क्रौंच आणि कांड्या करकोचे, गुजरातीत ज्यांना कुंज म्हणतात, सकाळी त्यांचे थवे ओरडत डोक्यावरून जातात. कोरड्या भागात चंडोल, पखुर्ड्या (सँडग्राऊज), आखूड कानाचं घुबड, जे जमिनीवरच बसतं आणि दिवसाही दिसतं, आणि नशिबात असेल तर मॅकक्वीन बस्टर्ड, माळढोकाच्या कुळातला. बस्टर्ड दिसला तर जीप सरळ त्याच्याकडे नेऊ नका, तिरकी, थांबत थांबत, आणि तो मान ताणून चालायला लागला की समजायचं आपण फार जवळ आलो. रातव्यांसाठी (नाईटजार, रात्री फिरणारे पक्षी) अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन नेतात, मी जातो पण फ्लॅश मारत नाही आणि टॉर्चही एका पक्ष्यावर फार वेळ ठेवू देत नाही.

आता धूळ. रणातली धूळ मिठाची असते आणि ती कॅमेऱ्याची शत्रू आहे. एका वर्षी मी जीपमध्ये बसल्या बसल्या लेन्स बदलली, अर्ध्या मिनिटाचं काम, आणि पुढच्या अडीच दिवसांच्या प्रत्येक फोटोत आकाशावर डाग. तेव्हापासून एकच लेन्स लावून निघायचं, बदलायचीच असेल तर खोलीत, पंखा बंद करून. जीप चालू असेल तेव्हा कॅमेरा उशीच्या खोळीत. आणि साडेनऊ-दहानंतर जमिनीवरून हवा थरथरायला लागते, लांबचा पक्षी कितीही चांगल्या लेन्सने मऊच येतो, तेव्हा कॅमेरा आत ठेवा आणि अगरियांकडे जा.

अगरिये म्हणजे मीठ पिकवणारी कुटुंबं. पावसाळा संपला की रणात येऊन झोपडी बांधतात, जमिनीखालचं खारं पाणी पंपाने काढून आगरात सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात. चहा विचारतात आणि नाही म्हणवत नाही. फोटो काढायचा तर आधी विचारा, मुलांच्या हातात चॉकलेट देऊन पोज घ्यायला लावू नका. जाताना पिण्याचं पाणी आणि थोडी फळं घेऊन जा, रणात गोडं पाणी टँकरने येतं.

रविवार संध्याकाळ: वेळावदर

रविवारी सकाळची फेरी आठलाच आटपा आणि सुरेंद्रनगर, लिंबडीवरून खाली उतरा, जेवण धरून चार-साडेचार तास लागतात. इथे उशीर चालत नाही कारण जे बघायचंय ते सूर्यास्तालाच आहे. वनखात्याचं काळियार भवन आतच आहे, आधी बुकिंग केलं तर सगळ्यात सोयीचं. गेटवर गाईड मिळतो, आपली गाडी आत न्यायचा नियम काय आहे तेही तिथेच विचारून घ्या.

पार्क फक्त ३४ चौरस किलोमीटर, १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, सपाट पिवळं गवत आणि त्यात काळवीटं. नराचा काळा-पांढरा रंग उजेड कडक असेल तर फोटोत मार खातो, म्हणून पाचनंतरच. उड्या मारणाऱ्या काळविटाला १/१६०० ठेवा आणि पुढे जागा सोडून फ्रेम धरा, नाहीतर तोंड कापलं जातं.

पण माझ्यासाठी वेळावदर म्हणजे भोवत्या, हॅरियर. दिवसभर आजूबाजूच्या शेतांवर टोळ आणि नाकतोडे खाऊन संध्याकाळी हे शिकारी पक्षी गवतात जमिनीवर झोपायला येतात, माँटेग्यूचा, पांढुरका, दलदली, आणि हॅरियरच्या अशा रात्रीच्या थाऱ्यांत ही जागा जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी मानली जाते. गेल्या खेपेला साडेपाचपर्यंत तीनच दिसले होते, मी चुळबुळ करून गाईडभाईंना म्हटलं दुसरीकडे जाऊया का, ते म्हणाले, "उतावळ ना करो, आवशे." घाई नका करू, येतील. ते गवताची काडी चावत बसून राहिले. सूर्य टेकला आणि मग क्षितिजावरून एकेक ठिपका यायला लागला, पंख व्ही आकारात धरून, आवाज अजिबात नाही, आमच्या टपावरून इतक्या खालून गेले की चेहऱ्यावरची घुबडासारखी तबकडी नुसत्या डोळ्यांनी दिसली. माझ्या पुतणीने मोजायला सुरुवात केली आणि एकशे चाळीसला सोडून दिलं. या वेळी उजेड इतका कमी असतो की पिसांचा फोटो येत नाही, तेव्हा केशरी आकाशावर काळी आकृती घ्या, शटर १/८०० पर्यंत खाली आणा. जिथे ते उतरतात तिकडे चालत जायचं नाही, एकदा उठवलं तर अंधारात दुसरी जागा शोधावी लागते त्यांना.

ड्रोन कुठल्याही अभयारण्यात उडवायचा नाही, आणि मोबाईलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलवायचं नाही, हे चारही ठिकाणांना लागू. तणमोर बघायचाय असं बरेच जण म्हणतात, तो पावसाळ्यात विणीला येतो, तेव्हा पार्क बंद असतं, आणि तसंच असू द्यावं.

रात्री गाडी चालवू नका, नीलगायी रस्त्यावर येतात.

सोमवार: घरी येताना

सकाळी लवकर एक फेरी मारा, लांडगा किंवा तरस दिसायचा असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच. मग धोलेरा, वटामण, तारापूरवरून घर. तारापूरच्या आसपास भाताच्या शेतांमध्ये सारस असतात, परिएजच्या तलावाकडे वळलात तर हमखास, जोडीनेच. जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच. शेतात पाय घालू नका, रस्त्यावर गाडी उभी करून खिडकीतूनच काढा, सारस गाडीला फारसा भीत नाही पण उतरलेल्या माणसाला भितो. वेळ असेल तर सोजित्र्याच्या बाजूला मलातजला थांबा, तिथल्या तळ्यात मगरी आहेत आणि गावकरी त्याच तळ्यावर रोज वावरतात, खोडियार मातेचं वाहन म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींना शिव्या देणाऱ्यांना एकदा तिथे नेऊन आणायला हवं.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी करायची कामं: कार्डं दोन ठिकाणी कॉपी करा आणि मगच रिकामी करा. लेन्सचं बाहेरचं अंग ओलसर कापडाने पुसा, मीठ राहिलं की रिंग जड होते. गाडी वॉशिंगला देताना खालून फवारा मारायला सांगा, जीपने रणात गेलात तरी काठाच्या रस्त्यावरची खारी धूळ चेसिसला बसतेच. आणि कुठे कोणता पक्षी, किती, कोणत्या तारखेला हे ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाका, फोटो नसला तरी, वढवाण्याची यादीसुद्धा. बीन बॅगमधले तांदूळ काढून पाखरांना टाका.